आवळ्याच्या गावी

मलाक्का या गावाचं नाव आवळ्यावरून पडलं आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे काही झालं त्याची सूचना नावातच होती आणि ती आम्ही वाचली नाही. सुमात्रातल्या पालेम्बांगहून पळून आलेला परमेश्वर नावाचा राजपुत्र १४००च्या सुमाराला इथल्या नदीकाठी एका झाडाखाली टेकला होता. तेवढ्यात एका पिसोरीने त्याच्या शिकारी कुत्र्याला लाथ मारून नदीत ढकललं, अशी कथा आहे. पिसोरी म्हणजे मांजराएवढं हरीण. राजपुत्राला कुत्र्याची कीव यायची सोडून जागेचं कौतुक वाटलं आणि त्याने तिथेच राजधानी केली. विजयनगरच्या कथेतही ससा कुत्र्यांवर उलटतो. नवं राज्य काढायचं तर आधी एखाद्या कुत्र्याची बेअब्रू व्हावी लागते, असा नियम असावा. तर परमेश्वर ज्या झाडाखाली बसला होता ते मलाका, म्हणजे आपलं आमलक, म्हणजे आवळा. आवळा देऊन कोहळा काढण्याची आपल्याकडे म्हण आहे. त्यांच्याकडे गाव आहे.

नवऱ्याने गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. (लिहिताना मी एकेरीत लिहिते, बोलताना अहो म्हणते. हा हिशोब आमच्यात ठरलेला आहे.) निवृत्तीनंतर माणसं कुंड्या लावतात, सोसायटीचे सेक्रेटरी होतात. नवरा तरुण झाला. चाकांची बॅग म्हणजे म्हातारपण, असं जाहीर करून त्याने दोन बॅकपॅक आणल्या, प्रत्येकी ५० लिटरच्या. पिशवी लिटरमध्ये मोजतात हे मला तेव्हा कळलं. मी आजवर दूध, रॉकेल आणि गच्चीवरची टाकी सोडून काही लिटरमध्ये मोजलेलं नाही. पाठीवर चढवून आरशात पाहिलं. गॅसचा सिलिंडर घेऊन जिना चढणारा माणूस दिसतो तशी दिसत होते. फरक इतकाच, की तो सिलिंडर ठेवून परत जातो.

मलेशिया निवडण्याचं कारण व्हिसा. डिसेंबर २०२३ पासून त्यांनी भारतीयांना तीस दिवसांपर्यंत तो माफ केला आहे. फुकट म्हटल्यावर नवऱ्याला त्या देशाविषयी आपुलकी वाटू लागली. त्यातून मलाक्का का, तर ‘समुद्रकाठचं ऐतिहासिक गाव’. मला समुद्र बघायचा होता, त्याला इतिहास. एका गावात दोघांचं भागतंय म्हणून दोन रात्री ठरल्या. सोमवार ते बुधवार, कारण त्या दिवसांत खोल्या स्वस्त. त्या का स्वस्त, हे पोचल्यावर कळलं. योंकर स्ट्रीट नावाच्या ज्या गल्लीतला रात्रीचा बाजार बघायला जग तिथे येतं, तो शुक्रवार ते रविवार भरतो.

क्वालालंपूरहून बस दोन तासांची. बाहेर ३२ अंश. आत किती ते सांगता येत नाही, पण माझ्या पुढच्या सीटवरची मलायी बाई जाकीट, मोजे आणि कानटोपी घेऊन चढली होती. तिला माहीत होतं. आम्हाला ‘उष्ण हवामान, सुती कपडे’ एवढंच माहीत होतं. पहिल्या अर्ध्या तासात नवऱ्याने स्वतःच्या पायांवर माझी ओढणी घेतली. दुसऱ्या अर्ध्या तासात, थंडीत शरीराला उष्मांक लागतात असं म्हणून माझ्या बॅकपॅकच्या वरच्या कप्प्यातल्या राजगिऱ्याच्या वड्या काढल्या. बारा होत्या. ‘अगं, वजन कमी होतंय तुझंच,’ असं तो मला समजावत होता.

बस मलाका सेंट्रलला थांबली. सेंट्रल या शब्दावर माझा लहानपणापासून विश्वास आहे. मुंबई सेंट्रल मुंबईत आहे. मलाका सेंट्रल जुन्या गावापासून चारएक किलोमीटर लांब आहे. तिथून सतरा नंबरची बस पकडायची. ती येईपर्यंत बॅकपॅक पाठीवर ठेवायची की उतरवायची, यावर आमचे मतभेद झाले. उतरवली की बस येते आणि चढवली की येत नाही. ठाण्याला टीएमटीचंही असंच आहे, त्यामुळे एवढं एक तरी ओळखीचं भेटलं.

गेस्ट हाउस एका जुन्या दुकानघरात होतं. समोरून पाहिलं तर एक दार, एक खिडकी. आत शिरलं की घर संपत नाही. डचांच्या काळात घराच्या रुंदीवर कर बसायचा म्हणून लोकांनी घरं अरुंद आणि लांबलचक बांधली, असं इथे सगळे सांगतात. मी तीस वर्षं बँकेत काउंटरला काढली आहेत, त्यामुळे कर वाचवण्यासाठी कुणी किती लांब जाऊ शकतं याचं मला नवल नाही. पण त्या लांबीच्या शेवटच्या टोकाची खोली आम्हाला मिळाली. घराच्या मधोमध उघडा चौक आहे. त्यातून ऊन, वारा आणि पाऊस आत येतो आणि आमच्या खोलीच्या अलीकडेच थांबतो. खोलीला खिडकी नव्हती. तिच्या जागी खिडकीचं चित्र होतं. त्यात समुद्र दिसत होता.

बुकिंगवर ‘ट्विन’ लिहिलं होतं. ट्विन म्हणजे दोन पलंग शेजारी शेजारी, असा माझा समज. इथे एकावर एक होते. गुडघा त्याचा दुखतो म्हणून वरचा माझा. तरुण व्हायचा निर्णय कोणाचा होता, हे मी वरून एकदा विचारलं. खालून घोरण्याचा आवाज आला.

काउंटरवरच्या मुलाने परदेशी पाहुण्यांचा पर्यटन कर मागितला, खोलीमागे रात्रीला १० रिंगिट. रिंगिट म्हणजे साधारण वीस रुपये. नवऱ्याने दोन रात्रींचे वीस रिंगिट दिले आणि ‘चारशे,’ असं मराठीत म्हणाला. त्या क्षणापासून त्याचा विसाचा पाढा सुरू झाला तो परत मुंबईला उतरेपर्यंत. पाण्याची बाटली दोन रिंगिट, चाळीस. केळी पाच, शंभर. एखाद्या गोष्टीला मी ‘छान आहे’ म्हटलं की तो लगेच मनात गुणायला लागायचा आणि मग ती तितकीशी छान नसायची.

स्वयंपाकघरात भिंतीवर सूचना लावल्या होत्या. ड्युरियन आणू नये. फ्रिजमध्ये ठेवलेल्या वस्तूवर नाव आणि तारीख घालावी. आपली भांडी आपण घासावी. तिसरी सूचना वाचून नवऱ्याने माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. खाल्लेलं भांडं लगेच घासून ओट्यावर उपडं घालायची सवय त्याला आहे. ती मला लावावी लागली, त्याला अकरा वर्षं लागली, आणि आता ती त्याला आपली वाटते.

संध्याकाळी आम्ही डच चौकात गेलो. सगळा चौक लालभडक. १६५०च्या सुमाराची डच गव्हर्नरांची कचेरी लाल, १७५३चं ख्राइस्ट चर्च लाल. डचांनी या भिंती पांढऱ्या ठेवल्या होत्या, लाल केल्या इंग्रजांनी. म्हणजे ज्याला सगळे ‘डच लाल’ म्हणतात तो रंग इंग्रजांचा आहे. शेजारी १८८६चा घड्याळाचा मनोरा आहे, एका चिनी व्यापारी घराण्याने बांधलेला. त्यातलं इंग्लंडचं घड्याळ काढून पुढे जपानी बसवलं, तेव्हा गावातले जुने लोक चिडले होते. महायुद्धात त्यांनी जपानी अंमल सोसला होता, आणि आता वेळही त्यांच्याचकडून विचारायची. मला त्या लोकांविषयी फार जवळीक वाटली. घड्याळ बरोबर चालतंय एवढ्यावरून राग सोडून द्यावा, असं मलाही कधी वाटलेलं नाही.

आणि या चौकात त्या तीनचाकी सायकलरिक्षा आहेत. मलायी लोक त्यांना ‘बेचा’ म्हणतात. त्यांना मूळचा आकार उरलेला नाही. एक रिक्षा म्हणजे मांजराचं गुलाबी डोकं, दुसरी पिवळा पिकाचू, तिसरी बर्फाची राजकन्या. वर दिवाळीच्या माळा आणि सीटखाली गणपती विसर्जनाला शोभतील असे स्पीकर. प्रत्येक रिक्षाचं गाणं वेगळं. आम्ही भारतीय आहोत हे चौकाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखून एका काकांनी ‘कुछ कुछ होता है’ लावलं. साडेतीनशे वर्षांच्या इमारतीपुढे, गुलाबी मांजराच्या तोंडात बसून, शाहरुखच्या गाण्यावर आम्ही डच साम्राज्य पाहिलं. तासाला चाळीस रिंगिट. आठशे. वळणावर नवऱ्याने मला विचारलं, ‘मजा येतेय ना?’ मला ऐकू आलं नाही.

तर मुख्य दिवस मंगळवार. सकाळी साडेआठला मी नारळाचा जाम लावलेला टोस्ट हातात घेतला. या जामला ‘काया’ म्हणतात आणि त्यात अंडं असतं. घास घेणार इतक्यात डोंबिवलीहून सासूबाईंचा फोन. तिथे पहाटेचे सहा.

‘अगं, अंगारकी आहे आज. लक्षात आहे ना?’

लक्षात नव्हतं. तिकिटं काढताना भरती-ओहोटी, सुट्ट्या, पावसाळा, डॉलर सगळं बघितलं होतं, पंचांग बघितलं नव्हतं. मी टोस्ट बशीत ठेवला. ‘आहे ना, सकाळपासून कडक धरलाय,’ म्हटलं, आणि ते खोटंही नव्हतं. नवऱ्याने माझा टोस्ट वाया जाऊ नये म्हणून खाल्ला. तो उपास करत नाही. त्याच्या वाटचाही मीच करते. संकटं दोघांची एकच असल्यामुळे वेगळे उपास लागत नाहीत, असं त्याचं मत आहे.

राजगिऱ्याच्या वड्यांची आठवण तेव्हा आली. मी ती बोलून दाखवली नाही. नोंदवून ठेवली.

दोन केळी खाऊन आम्ही किल्ला बघायला निघालो. अफोन्सो द अल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी इथे येऊन मलाक्का घेतलं. सुट्टीच्या बाबतीत तो नवऱ्यासारखाच असावा, एक गाव झालं की लगेच दुसरं. त्याने बांधलेल्या किल्ल्याचं नाव ‘आ फामोसा’, म्हणजे ‘सुप्रसिद्ध’. नवऱ्याने राजगड अकरा वेळा केला आहे, तोरणा मोजलेला नाही. पहाटेच टोपी, काठी, पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन तयार होता. आम्ही पोचलो. समोर एक दरवाजा होता.

‘हा झाला दरवाजा,’ नवरा म्हणाला. ‘किल्ला कुठे?’

किल्ला नाही. इंग्रजांनी १८०७ साली सुरुंग लावून पाडला. उद्या डचांना परत द्यायची वेळ आली तर त्यांच्या कामी येऊ नये म्हणून. स्टॅमफर्ड रॅफल्सने मधे पडून एवढा एक दरवाजा वाचवला. त्यावरही पोर्तुगिजांचं काही नाही, वर डच कंपनीचं चिन्ह आणि १६७० साल आहे. सह्याद्रीत दरवाजा पडलेला असतो आणि किल्ला शिल्लक असतो, इथे नेमकं उलट. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तरी तिथल्या किल्ल्यात आजही लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात, एवढा तो उरला आहे. हे नवरा मला सांगत होता. मी त्याचा त्या दरवाज्यातला फोटो काढला. हातात काठी, पाठीमागे पूर्ण मोकळी जागा. किल्ला चढायला आलेल्या माणसाचे पाय जमिनीवर असे सपाट कधी दिसले नव्हते.

चढ मग शेजारच्या टेकडीने दिला. वर सेंट पॉल चर्च आहे, मूळ बांधकाम १५२१चं, आता छप्पर नाही. आत जमिनीत एक खड्डा आणि त्यावर तारेची जाळी. लोक त्यात नाणी टाकत होते. सेंट फ्रान्सिस झेवियर चीनच्या किनाऱ्यावरच्या बेटावर डिसेंबर १५५२ मध्ये वारले. पुढच्या वर्षी त्यांचं शव इथे आणून पुरलं. आणि मग तिथून काढून गोव्याला नेलं, ते आजही जुन्या गोव्यात बॉम जेझूमध्ये आहे. दर दहा वर्षांनी दर्शनासाठी खाली उतरवतात, तेव्हाच्या रांगेत मी एकदा पाच तास उभी राहिले आहे. ठाण्याहून रात्रीच्या गाडीने गोव्याला जाता येतं. आम्ही विमानाने बंगालचा उपसागर ओलांडून, बसमध्ये गारठून, टेकडी चढून, गोव्याला पाठवून दिलेली वस्तू पूर्वी कुठे होती ती जागा पाहत होतो. नवऱ्याने जाळीतून एक नाणं टाकलं. वीस सेन. चार रुपये.

बाहेर त्यांचा पांढरा पुतळा आहे. त्याला उजवा हात नाही. १९५३ साली त्याचं विधिवत पूजन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचं झाड कोसळून हात तुटला. ही गोष्ट इथे दबक्या आवाजात सांगतात, कारण खऱ्या शवाचाही उजवा हात १६१४ साली कोपरापासून काढून रोमला पाठवला होता. आता तीन ठिकाणी फिरलं तर त्यांचं दर्शन पुरं होतं. नवरा मोबाइलवर रोमची तिकिटं बघू लागला, तेव्हा मी घाईने विषय बदलला.

‘अहो, समुद्र कुठाय?’

‘तो काय,’ त्याने बोट दाखवलं. टेकडीवरून दिसत होता. राखाडी पट्टी, तिच्यावर एकामागे एक मालवाहू जहाजं. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या सामुद्रधुन्यांपैकी ही एक, त्यामुळे जहाजं लोकलसारखी जात होती. पण टेकडी आणि पट्टी यांच्यामध्ये मॉल होते, हॉटेलं होती, पार्किंग होतं. पूर्वी समुद्र या दरवाज्याच्या पायाशी यायचा. शतकभरात भराव टाकून टाकून त्याला मागे ढकलला. मुंबईकर असल्यामुळे भरावाबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. पण मुंबईत भराव टाकला तरी समुद्र दिसेल एवढी सोय ठेवतात आणि तिथल्या खिडकीचे वेगळे पैसे लावतात.

आम्ही टेकडी उतरून समुद्राकडे चालू लागलो. चालता चालता एक मॉल लागला. मॉलमधून बाहेर पडलो तर दुसऱ्या मॉलचं दार. उन्हापेक्षा बरं म्हणून आत शिरलो. आत थंड हवा, चपलांचा सेल आणि ‘बाहेर’ अशी पाटी कुठे नाही. अर्ध्या तासाने निघालो ते ज्या बाजूने शिरलो होतो त्याच बाजूला.

नदीच्या तोंडाशी एक मोठं लाकडी जहाज उभं आहे, तेही कोरड्या जमिनीवर. ‘फ्लोर दे ला मार’ची प्रतिकृती, आत नौदलाच्या आणि दर्यावर्दींच्या इतिहासाचं संग्रहालय. मूळ जहाजातून अल्बुकर्क मलाक्काची लूट घेऊन निघाला आणि १५११ सालच्याच नोव्हेंबरमध्ये ते सुमात्राजवळ बुडालं. तो वाचला, लूट गेली. आधीच्या वेळचा अनुभव पाहता या वेळी जहाज पाण्यात न घालण्याचा निर्णय मला समजण्यासारखा वाटला.

दुपारी देऊळ. सोनार गल्लीत, म्हणजे जालान तुकांग एमासवर, गणपतीचं देऊळ आहे, १७८१ सालचं. मलाक्कातल्या चिट्टी लोकांचं. हे मूळचे तामिळ व्यापारी, इथेच लग्नं करून राहिले. घरात मलायी बोलतात, देवाला मात्र सोडलेलं नाही. त्याच रस्त्यावर चार पावलांवर १७४८ची मशीद आहे, तिचा मिनार चिनी पॅगोड्यासारखा, आणि त्यापुढे चेंग हून तेंग हे चिनी देऊळ. अंगारकीच्या दिवशी परदेशात पायी फिरता फिरता गणपती सापडला, याला मी योगायोग म्हणणार नव्हते. सासूबाईंना तसं कळवूनही टाकलं होतं.

देवळात कुणी नव्हतं. एक भटजी, एक मांजर. मी उभी राहिले, नमस्कार केला, दर्शन झालं. एकूण सव्वा मिनिट. अंगारकीला सिद्धिविनायकाला मी सहा तास उभी राहिलेली बाई आहे. पाठीमागची बाई ढकलत नाहीये, पुढचा माणूस देवाला मोबाइल दाखवत नाहीये, कुणी ‘चला चला’ म्हणून दंडाला धरत नाहीये, तर दर्शन झालं हे समजावं कशावरून? मी बाहेर जाऊन पुन्हा आत आले. दुसऱ्यांदा भटजींनी विभूती दिली आणि काळजीने पाहिलं.

तिथून दोन गल्ल्या पुढे एका न्योन्या, म्हणजे चिनी-मलायी, खाणावळीच्या फळ्यावर ‘सागू गुला मेलाका’ असं लिहिलं होतं. मालकीणबाईंनी वाटी दाखवली. साबुदाणा, नारळाचं दूध, वरून माडाचा काळा गूळ. मी त्या वाटीकडे पाहतच राहिले. हा उपासाचा पदार्थ होता. नैवेद्याच्या वाटीत वाढावा इतका उपासाचा. वेलची सोडली तर काही कमी नव्हतं. मालवणला माझ्या आजोळी याच्यात साबुदाण्याऐवजी तांदूळ असतो एवढंच.

पण तीस वर्षांच्या काउंटरची सवय वाईट. कागदपत्र पाहिल्याशिवाय मी काही पास करत नाही. साबुदाणा हा शब्द मुळात यांच्याच ‘सागू’वरून आला. सागू म्हणजे या बाजूच्या दलदलीत वाढणारा एक माड, त्याच्या खोडातलं सत्त्व काढून दाणे करतात. आपल्याकडे तेच यायचं. दुसऱ्या महायुद्धात मलायाकडून येणारा माल बंद झाला, तेव्हा सेलमच्या लोकांनी टॅपिओकाच्या कंदापासून दाणे पाडायला सुरुवात केली, आणि आज आपण भिजत घालतो तो हा कंदाचा. म्हणजे ऐंशी वर्षं आपण उपासाला बदली कामगार खातोय. आता खरा समोर आल्यावर तो चालतो का? कंद चालतो हे ठरलेलं आहे. खोडाचं कुणी ठरवलेलं नाही. आणि ही वाटी खोडाची की इथेही आता कंदाचीच, हे मालकीणबाईंनाही सांगता येईना. त्या गोड हसल्या आणि ‘सागू, सागू’ म्हणाल्या.

‘अगं, खा ना. कोण बघतंय,’ नवरा म्हणाला. सहासष्ट पावलांवर गणपती होता. मी मोजली होती.

सासूबाईंना संदेश टाकला. त्यांनी तो वाचला आणि उत्तर दिलं नाही, म्हणजे जोशीकाकूंना विचारायला गेल्या. खाणावळ पाचला बंद होत होती. मी पिशवीतला स्टीलचा डबा काढला (हा डबा ओझं म्हणून ठाण्याला काढून ठेवण्याबद्दल माझ्यावर दोन दिवस दबाव होता) आणि त्यात एक वाटी बांधून घेतली. बारा रिंगिट. दोनशे चाळीस.

‘तुम्हाला घेऊ एक?’ मी विचारलं.

‘छे. मला साबुदाणा बघवत नाही,’ नवरा म्हणाला. हे खरं आहे. खिचडीच्या दिवशी तो ऑफिसातून जेवून यायचा. डबा आम्ही गेस्ट हाउसच्या फ्रिजमध्ये ठेवला. वर चिकटपट्टीवर मराठीत माझं नाव आणि तारीख घातली. अख्ख्या इमारतीत ते वाचू शकणारी दोनच माणसं होती.

जोशीकाकूंचा निकाल संध्याकाळी सहाला आला. ‘झाडाचं आहे ना, मग फळासारखंच. खुशाल खा.’ पण तोपर्यंत आम्ही समुद्राकडे निघालो होतो. हो, शेवटी मी हट्टाने गाडी करून नेली. भराव टाकून केलेल्या बेटावर समुद्राच्या कडेला एक मशीद आहे, २००६ साली बांधलेली, खांबांवर. भरती आली की ती पाण्यावर तरंगते आणि तोच फोटो सगळीकडे असतो. आम्ही पोचलो तेव्हा पाणी नुकतंच चढायला लागलं होतं. मशीद तरंगत नव्हती, चिखलात पाय वर करून उभी होती, आपण पावसाळ्यात सायनला उभे राहतो तशी. बायकांना अंगभर झगा देतात. माझा पायात येत होता. त्यातून, तो उचलून धरत, मी समुद्र पाहिला. इथे सूर्य बारा महिने सव्वासातच्या आसपास मावळतो. मावळला. ढगामागे. नवरा म्हणाला, ‘झालं ना तुझं समाधान?’ पाणी दादर चौपाटीच्या रंगाचं होतं.

आता चंद्र. मलेशियाचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. नवऱ्याच्या ॲपने इथला चंद्रोदय दहाच्या सुमाराला दाखवला. आम्ही नदीकाठच्या बाकावर बसलो. दहाला ढग. साडेदहाला ढगात वीज. सव्वाअकराला पाऊस. नवरा गुडघ्याचं कारण सांगून साडेदहालाच खोलीवर गेला होता. मी रिकाम्या पोटी, उघड्या चौकात, पागोळ्यांच्या अलीकडे खुर्ची टाकून आकाशाच्या त्या चौकोनी तुकड्याकडे बघत बसले. काउंटरवरच्या मुलाने दोनदा येऊन सगळं ठीक आहे ना विचारलं. चंद्र उगवला की मी जेवणार आहे, हे त्याला कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. ‘वेटिंग,’ म्हटलं. कुणासाठी, असं त्याने फार अदबीने विचारलं नाही.

बारा वाजत आले तेव्हा सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. डोंबिवलीत साडेनऊ.

‘उगवला गं! तुझ्याकडे नाही ना? मी दाखवते, थांब.’

त्यांनी मोबाइल गॅलरीबाहेर धरला. आधी वाळत घातलेला परकर दिसला, मग ग्रिल, मग अर्ध्या स्क्रीनवर त्यांचा अंगठा. अंगठ्याच्या कडेला एक पांढरा ठिपका थरथरत होता.

‘दिसला?’

‘दिसला,’ मी म्हटलं. मी पाण्याची बाटली घेऊन चौकातल्या पावसात अर्घ्य सोडलं, मोबाइलला नमस्कार केला. तो चंद्र होता की समोरच्या विंगच्या जिन्यातला दिवा, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

मग मी स्वयंपाकघरात गेले. फ्रिज उघडला. कुणाची तरी सॉसची बाटली, नाव आणि तारखेसह. अर्धं कलिंगड, नाव आणि तारखेसह. मी खालचा कप्पा पाहिला, दारातले कप्पे पाहिले. मग ओट्याकडे लक्ष गेलं.

डबा घासून उपडा घातला होता.